पहिला रोडगा

गोंदिया
४ मार्च २००६

वच्छला,

सोमवार, दिनांक २७ फेब्रुवारी २००६, सकाळी साडेअकरा वाजता आपल्याकडच्या प्रतापगडच्या, महादेवाच्या डोंगराच्या पायथ्याशी माझ्या नावाचा नवस फेडला गेला आणि मला बोलावलं नाही. त्या वेळी मी गोंदियात माझ्या स्वयंपाकघरात एकटीपुरती मुगाची खिचडी ढवळत होते. जिच्यासाठी नवस, ती खिचडी खाते. आणि तुझ्या गल्लीतली माणसं, त्यांचे पाहुणे, रस्त्यात भेटलेला एक ट्रकवाला, हे सगळे पळसाच्या पत्रावळीवर गोवऱ्यांवर भाजून तुपात बुडवलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी खातात. वेळ मला कशी कळली? तुझ्याच गल्लीतला तो भैय्यालाल परवा स्टेशनवर भेटला. "दीदी, क्या रोडगे थे! ठीक साढ़े ग्यारह बजे पंगत बैठी. आप क्यों नहीं आयीं?" मी काय सांगणार होते? मला माहीत असतं तर आले असते, असं? सख्ख्या मावसबहिणीबद्दल असं परक्या माणसाला सांगतात का?

त्याच सोमवारी संध्याकाळी एसटीच्या कंडक्टरने डबा आणून दिला होता. म्हणाला, "मॅडम, आपकी बहन ने भेजा है. इतना भारी है, बम तो नहीं ना?" डबा उघडला. पानात गुंडाळलेला एकच रोडगा आणि चिठ्ठी: 'हा पहिला रोडगा. खाऊन घेजो.' बस. कशाचा, कोणासाठी, काही नाही. मला वाटलं, महाशिवरात्रीच्या पारण्याचा प्रसाद असेल.

तुला आठवत नसेल तर सांगते. १९९९ मध्ये दवाखान्यातल्या खाटेवरून, गळ्यातल्या झोळीत हात अडकवलेला असताना, मी तुला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं की माझ्या नावानं देवाला लाच द्यायची नाही. 'तू हे कर, मी ते देईन' ही भाषा मी नोकरीत पुष्कळ ऐकली आहे. रिझर्व्हेशनचे दलाल ती बोलत. मी रोज सकाळी उठल्यावर अंथरुणात बसूनच देवाचे आभार मानते. शाळेत सिस्टर फिलोमिनांनी लावलेली सवय आहे, पन्नास वर्षांत मोडलेली नाही. त्यासाठी मला डोंगर लागत नाही, तूप लागत नाही आणि ट्रकवाला तर मुळीच लागत नाही.

पण तेही बाजूला ठेव. माझी खरी तक्रार नवसाची नाही. मला वगळलंस, ही तक्रार आहे. का वगळलंस ते लिहून कळव. फोन करू नकोस. फोनवर तू 'हो बाई, हो बाई' म्हणतेस आणि ठेवून देतेस.

सुलोचना


सडक अर्जुनी
१२ मार्च २००६

बाईले वच्छलाचा नमस्कार.

तुहं पत्र भेटलं. आधी अल्कानं वाचून दाखवलं. मंग मी सोता वाचलं, काऊन का सूनबाई मधामधात हसून राहिली होती आन् मले वाटलं, ते काही गाळून राहिली. गाळलंच होतं. ट्रकवाल्याचं गाळलं होतं. तो अल्काच्या माहेरकडचा आहे.

बाई, तुले बोलावलं असतं तर तू आली असती. आन् आली असती तर डोंगराखाली उभी राहून महादेवाले इंग्रजीत सुनावलं असतं. लोक जेवाले बसले असते आन् तू लाचेचं भाषन देल्लं असतं. नवस राहून गेला असता. म्हनून नाही बोलावलं. तुह्या हातापाया पडतो म्हन, पन राग सोड.

तू लाच म्हनते. लाच आधी देतेत ना? मी त काम झाल्यावर देल्ली, थेही सात वर्सानं.

तू तवा आमच्या गावच्या मंडईची जत्रा पाहून निघाली आन् काळीपिवळी घाटात उलटली. माहा पोरगा खुशाल धावत सांगाले आला, का जीपमधल्या कोनाचाच भरोसा नाही. मी चुलीपुढं होती, दोन्ही हात पिठात. हात धुवाले पन सुचलं नाही. तसेच जोडले आन् म्हटलं, महादेवा, माही बाई वाचू दे, तुह्या पायथ्याशी रोडगे करीन. मंग अजून भेव वाटला त तिथल्याच दर्ग्यातल्या बाबालेही म्हटलं, चादर चढवीन. अशा वक्ताले कोन ऐकून राहिला ते समजत नाही. तू वाचली. धानाच्या बांधीत चिखलात पडली म्हनून वाचली असं डॉक्टर म्हने. पन थ्या बांधीत चिखल कोनं ठेवला होता, थे डॉक्टरले मालूम नाही.

तू मनाई केली म्हनून सात वर्स थांबली. पन बाई, नवस मी बोलली होती, तू नाही. ज्यानं बोललं त्याच्याच गळ्यात ते राहते.

यंदा सगळेच फेडून टाकले. विहिरीले पानी लागलं तवाचं माताबाईचं. खुशालच्या तापाचं. अल्काच्या बाळंतपनाचं. दर्ग्यावर चादर तुही आन् अल्काची, दोन्ही एकाच दिवशी. आता माह्यावर कोनाचंच काही नाही. असं हलकं वाटून राहिलं, जसं धान मळून घरात आल्यावर वाटते. देवानं माह्यासाठी जे केलं त्याचं सगळ्याचं नाव घेऊन झालं. पान्याचा मोठा पितळेचा गुंड अल्काले देऊन टाकला, थे कवाची मांगत होती.

तुही छत्री कंडक्टरजवळ पाठवून राहिली. एक काडी मोडली होती, थे बदलून घेतली.

आन् रोडगा खाल्ला का नाही, थे लिहिलंच नाही तू. पत्रात मोठी पंगत मांडली, पन मतलबाचं नाही लिहिलं. ज्याच्यासाठी नवस, त्यानं पहिला रोडगा खाल्ला का मंगच नवस पुरा होते. तोवर अर्धाच. लवकर खाऊन कळवजो. उशीर नोको करू.

वच्छला


गोंदिया
१७ मार्च २००६

वच्छला,

छत्री मिळाली. ती उघडून मी एकेक काडी तपासली.

मंडईच्या दिवशी मी ती तुझ्या पडवीत विसरले. त्यानंतर सात वर्षं मी ती मागत होते आणि तू देत नव्हतीस. 'छत्री न्यायची असेल तर येऊन ने, तेवढ्यानं तरी येशील.' हे तुझं दरवेळचं उत्तर होतं. आल्यावर पुन्हा लपवून ठेवायचीस. एकदा तर धानाच्या कणगीमागे सापडली होती. खुशालच्या लग्नात मी भर मांडवात छत्रीवरून भांडले आणि तू तुझ्या व्याह्यांना सांगितलंस की बाईची छत्री माझ्याकडे गहाण आहे, म्हणून बाई माझी आहे.

आणि आता काडी बदलून, कापड पुसून, दोरीनं नीट बांधून पाठवतेस?

मी गोंदिया जंक्शनच्या खिडकीत तीस वर्षं बसले. आधी तिकिटं, मग चौकशी. ज्याला परत यायचं असतं तो माणूस खिडकीशी हुज्जत घालतो. सुट्ट्या पैशांवरून, गाडीच्या वेळेवरून, कशावरूनही. ज्याला परत यायचं नसतं तो हळू आवाजात एकेरी तिकीट मागतो आणि 'थँक यू मॅडम' म्हणून जातो. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. गुंड देऊन टाकला. नवस सगळे फेडले. हलकं वाटतंय. उशीर नको करू.

हे एकेरी तिकीट आहे, वच्छला.

मागच्या पत्रात मी जे काही बोलले ते सध्या बाजूला ठेवते. सोडलेलं नाही, बाजूला ठेवलंय. आता एकाच गोष्टीचं उत्तर दे. तू डॉक्टरकडे गेली होतीस का, आणि तो काय म्हणाला? थातुरमातुर नको. आणि हे पत्र अल्काच्या हाती पडू न देता वाचायचं असेल तर वाच, पण उत्तर दे.

सुलोचना


सडक अर्जुनी
२२ मार्च २००६

बाई,

तू खिडकीत बसली, थे बरंच झालं. पोलिसात गेली असती त साऱ्या जिल्ह्याले तरास झाला असता.

गेली होती. दिवाळीपासून पोटात दुखून राहिलं होतं. शेजारची शामकला नर्सबाई आहे, थे मले नागपूरले घेऊन गेली. घरी सांगतलं का लग्नाले चाललो. डॉक्टरीनबाई पोरगीच होती, खुशालच्या वयाची. म्हने, पिशवीत गाठ आहे, खराब आहे, पन लवकर समजलं. पिशवी काढून टाकू, बरी होसाल. ११ एप्रिलची तारीख देल्ली. मी हो म्हटलं आन् उठून आली. जाऊन नाही राहिली.

खुशालले मालूम नाही. अल्काले पन नाही. तुलेच सांगून राहिली.

मी घाबरली असं नोको समजू. घाबरली बी असन थोडी. पन खरी गोष्ट येगळी आहे. बाई, मी बसून एक एक आठवलं. लग्न होऊन आली तवा ह्या घरात दाराले दार नव्हतं, बारदाना लटकवला होता. रातच्याले अस्वल आंगनात मोहाची फुलं खाऊन जाये, आन् मी आतमधी लेकराले घेऊन निजो. एका दिवशी काही झालं नाही. पुरात बांध फुटला, आमची बांधी राहिली. खुशाल तापात गेला म्हनून सासूनं रडनं बी सुरू केलं होतं, थो उठून पेज मांगाले लागला. नवरा गेला त गेला, पन झोपेत गेला, पोरगं कमावतं झाल्यावर गेला. तू चिखलात पडली. मी कधी शाळेत देवाचं काही शिकली नाही, पन मले असं वाटते का माह्या डोक्यावर कोनीतरी हात धरून होता. सारी जिनगी. ऊन लागलंच नाही असं नाही, पन जाळलं नाही.

आता थ्याच्यापाशी अजून मांगू? देते म्हनून कितीदा हात पसरावा मानसानं? म्हनून मी ठरवलं का मांगायचं नाही. सगळ्याचं नाव घ्यायचं, नमस्कार करायचा आन् चुपचाप निघायचं. नवस बाकी ठेवून जाऊ नये मानसानं. तुहाच एक मोठा होता, थो झाला. म्हनून रोडग्याचं इचारून राहिली. खाऊन घे बाई. माहं मन मोकळं होऊ दे.

आन् नागपूरले अनोळखी टेबलावर मरन्यापेक्षा इथं पडवीत बरं. आता आंबा मोहरला आहे.

रडू नोको. तू रडतानी चांगली दिसत नाही, लहानपनापासून.

तुही
वच्छला


गोंदिया
२६ मार्च २००६, रविवार

प्रिय वच्छला,

मी रडले नाही. भैय्यालाल साक्ष देईल. स्टेशनवरून येता येता तो दारात आला होता, आणि मी त्याच्यावर विनाकारण ओरडले. "दीदी, तबीयत ठीक नहीं क्या?" म्हणाला. मी म्हटलं, तबीयत ठीकच आहे, माझी बहीण मूर्ख आहे. तो म्हणाला, "वो तो पूरे मोहल्ले को मालूम है, रोडगे अच्छे बनाती है लेकिन." त्याला चहा दिला.

तुझं पत्र मी काल वाचलं आणि आज सकाळी अंथरुणात बसून नेहमीची प्रार्थना म्हणायला गेले तर ती पुढे सरकेना. पन्नास वर्षं मी आभार मानते, आणि मला कळलं की मी ते हजेरी लावल्यासारखे मानते. तू मानलेस तसे मी एक दिवसही मानले नाहीत. अस्वलाचं, बारदान्याच्या दाराचं, बांधीतल्या चिखलाचं नाव घेऊन. सात वर्षं मी लोकांना सांगत आले की मऊ जमिनीमुळे वाचले. चुलीपुढे पिठाचे हात जोडून कोणी उभं होतं, हे मला आता कळतंय. तेव्हा आभाराच्या बाबतीत तू माझ्या पुढे आहेस. हे मी लिहून देते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

आता भांडण.

आमच्या होस्टेलवर जेवणानंतर आभाराची प्रार्थना असे. प्रार्थना संपली की आम्ही मुली बाकावरून उड्या मारून पळत सुटायचो. सिस्टर फिलोमिना दाराशी उभ्या राहत आणि प्रत्येकीचा कान धरून परत बसवत. म्हणत, "आभार मानून पाहुणा निघतो. घरची मुलगी आभार मानते आणि ताटं घासायला बसते." तेव्हा मला वाटायचं, कामाला लावण्याची ही युक्ती आहे. युक्ती होतीच. पण काल रात्री ते वाक्य माझ्या कानात घुमत राहिलं.

तू देवाच्या घरात पाहुणी आहेस का, वच्छला? साठ वर्षं ज्याच्या हाताखाली राहिलीस, त्याच्याकडे तू पाहुणचाराला आली होतीस? मग हे गुंड वाटणं, छत्र्या परत करणं, 'बरं आहे, येतो' म्हणणं कशासाठी? पाहुणे असं करतात. घरची बाई जेवण झाल्यावर उंबरठ्याकडे बघत नाही, भांड्यांकडे बघते. तुझी भांडी पडली आहेत. खुशालच्या मुलीला तू रोडगे शिकवलेले नाहीत. अल्काला मोठ्या गुंडात पाणी तापवायचं माहीत आहे, पण तुझी कणिक किती घट्ट भिजते ते माहीत नाही. आणि मला भांडायला या जिल्ह्यात दुसरं कोणी नाही.

तू म्हणतेस, अजून मागायचं नाही. नको मागूस. तुला कोणी मागायला सांगितलंय? ती पोरगेली डॉक्टरीणबाई स्वतःहून म्हणाली, लवकर कळलं, बरी होशील. तू हात पसरलाच नव्हतास, तरी त्यावर कोणीतरी ठेवलं. बांधीत चिखल कोणी ठेवला ते डॉक्टरला ठाऊक नाही, असं मला ऐकवतेस. मग दिवाळीत पोट दुखायला कोणी लावलं, शेजारी नर्सबाई कोणी आणून ठेवली, ते तुला ठाऊक नाही? डोक्यावर हात आहे म्हणायचं आणि त्यानं पुढे केलेली छत्री घडी घालून परत पाठवायची, याला समाधान म्हणत नाहीत. याला आगाऊपणा म्हणतात.

आता रोडगा. मी तो खाल्लेला नाही.

पहिल्या दिवशी रागानं खाल्ला नाही, मग विसरले, आणि तुझं दुसरं पत्र आल्यावर मुद्दाम खाल्ला नाही. तो डब्यात आहे, डबा कपाटावर आहे. दगड झालाय. मुंग्या येऊन बघून परत गेल्या. तूच लिहिलंयस, मी खाल्ल्याशिवाय नवस पुरा होत नाही, आणि नवस बाकी ठेवून माणसानं जाऊ नये. तेव्हा तुझ्याच कायद्यानं तू अजून कुठेही जाऊ शकत नाहीस. मी देवाशी सौदे करत नाही, हे तुला माहीत आहे. पण तुझ्याशी करते. तू ऑपरेशन करून, बरी होऊन, पावसाळ्याआधी माझ्यासमोर पडवीत बसशील, त्या दिवशी मी तो रोडगा चहात बुडवून, दात पडले तरी चालतील, पूर्ण खाईन. तोवर नवस अर्धा. महादेवालाही मी हे आज सकाळी सांगितलं. इंग्रजीत नाही. मराठीत, आणि फार सुनावलं नाही.

व्यवस्था अशी. सोमवार, १० एप्रिल. मी सकाळच्या पॅसेंजरनं सौंदडला उतरून तुझ्याकडे येते. दुपारच्या एसटीनं आपण दोघी नागपूरला जाऊ. माझ्या शाळेतली मैत्रीण धंतोलीत राहते, तिच्याकडे मुक्काम. तिलाही तोंड आहे, पण मन चांगलं आहे. ११ तारखेला तू त्या अनोळखी टेबलावर जाशील तेव्हा दाराबाहेर मी असेन, म्हणजे टेबल अनोळखी राहणार नाही. छत्री मी परत आणते आहे. ती तुझ्या पडवीतच राहील. ती तुझ्याकडे गहाण आहे.

एक अट आहे. हे पत्र एकटीनं वाचून कणगीमागे टाकायचं नाही. पत्र मिळेल त्याच संध्याकाळी अल्काकडून खुशालसमोर मोठ्यानं वाचून घे.

अल्का, बाळ, इथपर्यंत वाचलंस ना? काही गाळलं असशील तर पुन्हा वरून सुरू कर. हसू नकोस. रडूही नकोस, तुझ्या सासूला ते चालत नाही. तिचा हात धर आणि पुढे वाच.

वच्छला, तुझं उत्तर मला बुधवार, ५ एप्रिल २००६ रोजी दुपारच्या टपालापर्यंत मिळालं पाहिजे. लेखी, तुझ्या स्वतःच्या हातचं. फोन चालणार नाही, भैय्यालालजवळ निरोप चालणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास तुझी संमती आहे असं समजून मी १० तारखेला छत्री घेऊन दारात उभी राहीन. उत्तरात 'हो बाई' एवढंच लिहिलंस तरी पुरे, पण या वेळी लिहून ठेवून देऊ नकोस. पोस्टात टाक.

तुझी बाई,
सुलोचना